तीस पौंडांचा आवाज

दिवाळीचा फराळ झाला, चकल्यांचा डबा रिकामा झाला आणि सौ.ने दुसऱ्यांदा चहा टाकला, की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, "हं बाबा, यंदा तरी सांगा. एकच गाणं. दोन चालणार नाहीत."

हा वाद बालगंधर्व थोर की मास्टर दीनानाथ, असा असता तर आपल्या मंडळात कोणालाच नवल वाटले नसते. पण आमचा वाद आहे तो 'द डार्क साइड ऑफ द मून' या इंग्रजी रॉक संगीताच्या रेकॉर्डवरून. पिंक फ्लॉइड या लंडनच्या चार जणांच्या बँडने मार्च १९७३ मध्ये ही रेकॉर्ड काढली. तिच्यात दहा तुकडे आहेत, सगळे मिळून सुमारे त्रेचाळीस मिनिटे. त्यातले सर्वांत आवडते कोणते?

मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचे उत्तर 'टाइम'. जावईबापू पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमधले. तिथे कॅसेटवरून कॅसेट उतरवून ही गाणी खोल्याखोल्यांतून फिरत असत. पुढे फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत आला आणि त्याने हा आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तेव्हा जावईबापू तिथे हजर होते. त्यांचे उत्तर 'अस अँड देम'. सौ.चे उत्तर, "आधी तो आवाज कमी करा." आणि मी? मी दर वर्षी "बघू, बघू" म्हणून वेळ मारून नेत आलो. २०२३ मध्ये रेकॉर्डला पन्नास वर्षे झाली तेव्हा मुलीने मला नवी प्रत आणून दिली, तरीही मी बोललो नाही. या दिवाळीत मात्र बोललो. काय बोललो आणि इतकी वर्षे का टाळले, ते सांगायचे तर आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. मी संगीतातला जाणकार नव्हे. पूल आणि इमारतींचे हिशेब करण्यात माझी हयात गेली. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

साठीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीताची एक वेगळी शाखा फुटली. तीन मिनिटांचे गाणे, त्यात एक प्रेमकथा आणि नाचायला ठेका, एवढ्यावर तिचे समाधान नव्हते. लांबलचक रचना, मध्येच बदलणारे ताल, आणि पूर्ण रेकॉर्ड एकाच कल्पनेभोवती गुंफायची, असा तिचा खाक्या. तिला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. पिंक फ्लॉइड हे त्यातले मोठे नाव. यातले वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे लंडनच्या रीजेंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला आले असताना एकमेकांना भेटले. इमारती राहिल्या बाजूला. त्यांचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट. गाणी त्याची, रूप त्याचे, कल्पना त्याच्या. पण अमली पदार्थ आणि ढासळत गेलेले मन यांमुळे १९६८ मध्ये त्याला बँडबाहेर पडावे लागले. त्याच्या जागी डेव्हिड गिल्मोर आला. मित्र डोळ्यांदेखत हरवताना पाहिल्याची खूण पुढे यांच्या गाण्यांवर कायमची राहिली.

१९७१ च्या अखेरीस हे चौघे मेसनच्या कॅम्डनमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. वॉटर्सने कल्पना मांडली की माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टींवर सबंध आल्बम करू. पैसा, वेळ, धावपळ, युद्ध, मृत्यू आणि अखेर प्रत्यक्ष वेड. सगळे शब्द त्याने एकट्याने लिहिले. आपल्याकडे नाटक बसवतात तसे त्यांनी हे आधी रंगमंचावर आणले. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला पहिला प्रयोग झाला आणि 'मनी' चालू असताना यंत्रणेने दगा दिल्यामुळे तो अर्ध्यावर थांबवावा लागला. नंतर वर्षभर गावोगाव वाजवत, दुरुस्त्या करत, मधल्या काळात स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करत त्यांनी हे काम जानेवारी १९७३ पर्यंत तडीस नेले.

तो स्टुडिओ म्हणजे अ‍ॅबी रोडवरचा ईएमआय कंपनीचा स्टुडिओ. १९३१ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा प्रत्यक्ष एल्गार वाद्यवृंद चालवायला उभा होता. आपल्या लहानपणी ज्या रेकॉर्डींवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असे, त्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'चे हेच घराणे. कलकत्त्याजवळ दमदमला जिथे आपली नाट्यगीते आणि भावगीते दाबून निघत, तो कारखानाही याच गोतावळ्यातला. मला हे समजले तेव्हा उगीचच जवळचे नाते सापडल्यासारखे वाटले.

आता एकेका गाण्याचा दावा पाहू.

'टाइम'च्या सुरुवातीला एकदम डझनभर घड्याळे ठणाणा वाजतात. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स याने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा आवाज वेगळा टिपला होता, तोही या गाण्यासाठी नव्हे, तर चार बाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनियंत्रणेचे प्रात्यक्षिक म्हणून. ते इथे चपखल बसले. वॉटर्स तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. आयुष्य सुरू व्हायचे आहे, आपण त्याची तयारी करत आहोत, अशा समजुतीत वाढलेल्या त्या तरुणाला एके दिवशी उमगले की तयारी वगैरे काही नाही, ते केव्हाच सुरू झाले आहे. मंडळी, १९७१ साली 'पाच वर्षं काढू आणि परत जाऊ' म्हणून विमानात बसलेल्या माणसाला हे गाणे कसे ऐकवेल? मुलीला ते आवडते कारण तिला त्यातून पुढचा रस्ता दिसतो. मला मागचा दिसतो. म्हणून 'टाइम' चालू झाले की मी बागेत जातो.

'मनी' हे सर्वांत खपाऊ. नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राची खटखट, असे आवाज टेपवर घेऊन, पट्टीने मोजून टेपचे सारखे तुकडे कापले, जोडले आणि त्यांचे वर्तुळ फिरवत ठेवले. त्यातून सात मात्रांचा ठेका तयार झाला. पाश्चात्त्य रॉकमध्ये चारच्या हिशेबाची सवय. आपल्याला रूपकाची ओळख असल्यामुळे सात मात्रांचे अप्रूप वाटत नाही, पण इंग्रज पोरे त्यावर पाय आपटताना आजही चुकतात. गिटारचा मोठा तुकडा आला की बँडही सोयीस्करपणे चारवर येतो! पैशाची टिंगल करणाऱ्या या गाण्याने चौघांना श्रीमंत केले, ही गंमत त्यांच्याही लक्षात आली असणारच.

'अस अँड देम'चा जन्म तर नकारातून झाला. अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९७० च्या 'झब्रिस्की पॉइंट' चित्रपटासाठी राइटने पियानोवर एक संथ, उदास चाल केली होती. दिग्दर्शकाने ती नापसंत केली. दोनेक वर्षांनी ती चाल बाहेर काढून वॉटर्सने तिच्यावर युद्धाचे शब्द बसवले. त्याचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत पडले. वॉटर्स तेव्हा पाच महिन्यांचा होता. 'आपण' आणि 'ते' अशी फाळणी करून कोणीतरी दुसऱ्यांच्या मुलांना पुढे ढकलतो, एवढाच त्या गाण्याचा आशय. हे ध्वनिमुद्रण चालू होते त्याच १९७२ च्या शरदात इदी अमीनने हाकललेली हजारो आशियाई कुटुंबे एकेक सुटकेस घेऊन इथल्या विमानतळांवर उतरत होती. 'आपण' आणि 'ते' हे शब्द तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रात होते. जावईबापूंची निवड भक्कम आहे, हे मी कबूल करतो.

पण खरी अडचण अशी की या रेकॉर्डवर गाणी सुटी नाहीतच. एक संपता संपता दुसरे सुरू होते. मेसनच्या ढोलावर केलेला हृदयाचा ठोका आरंभी येतो, तोच अखेरीस येतो. अशा अखंड विणीतून एक धागा ओढणे म्हणजे एका अर्थी ती बिघडवणेच. खंड पडतो तो फक्त एके ठिकाणी. पहिली बाजू संपते, सुई उचलली जाते, आपण उठतो, तबकडी उलटतो. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे मृत्यूविषयीचे. दुसऱ्या बाजूचा पहिला आवाज नाण्यांचा. माझे गाणे त्या उठण्याच्या अगदी आधीचे आहे. त्याचे नाव 'द ग्रेट गिग इन द स्काय'.

मी ते पहिल्यांदा ऐकले ते भिंतीतून. १९७३ चा उन्हाळा, किलबर्नमधली एक खोली, पैसे टाकून चालणारा गॅसचा मीटर आणि नोकरीचे दुसरे वर्ष. रात्री साडेदहाच्या सुमारास शेजारच्या खोलीतून बाईच्या आक्रोशाचा आवाज आला. आधी चढत गेला, मग फुटला, मग एकदम दबला. मी घाबरलो. परक्या देशात दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आठवला. पण आवाज पुन्हा उठला तेव्हा राहवले नाही आणि मी जाऊन दार ठोठावले. शेजारी वेल्समधला एक लाजाळू विद्यार्थी राहत असे. खोलीत तो एकटाच होता आणि तबकडी फिरत होती. माझा चेहरा पाहून त्याला काय झाले ते कळले असावे. त्याने काही न विचारता सुई उचलून पुन्हा मागे ठेवली आणि मला पलंगावर बसायला जागा करून दिली.

त्या गाण्यात शब्द नाहीत. सुरुवातीला पियानोखाली एका पुरुषाचा साधा बोलण्याचा आवाज येतो, मृत्यूची आपल्याला भीती वाटत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो सांगतो. हा स्टुडिओचा आयरिश दारवान, जेरी ओड्रिस्कॉल. वॉटर्सने प्रश्न लिहिलेली कार्डे करून स्टुडिओत येणाऱ्या-जाणाऱ्यांची उत्तरे टिपली होती. पॉल मॅकार्टनीलाही विचारले, पण त्याची उत्तरे घेतली नाहीत, दारवानाची घेतली. त्यानंतर सुमारे साडेतीन मिनिटे केवळ एका बाईचा आवाज. 'आ'कार, 'ओ'कार, हुंकार, टाहो आणि अखेर पुटपुटणे. इंग्रजी रॉकमध्ये शब्द मला तेव्हा अर्धेच कळत. इथे न कळण्यासारखे काही नव्हतेच.

आता त्या आवाजाची हकीकत.

मूळ रचना राइटची. पियानोवरची स्वरसंगतीची एक सुंदर मालिका. रंगमंचावर ती वाजे तेव्हा तिच्यावर बायबलमधले उतारे आणि धार्मिक भाषणांचे तुकडे लावत असत. ते काही जमेना. ध्वनिमुद्रण संपत आले तेव्हा बाईचा आवाज लावून पाहावा असे ठरले आणि पार्सन्सने क्लेअर टॉरी हे नाव सुचवले. पंचविशीची मुलगी, दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी स्वस्त रेकॉर्डींसाठी पुन्हा गाणारी, रोजावर काम करणारी गायिका. तिला शनिवारी संध्याकाळी चक बेरीच्या कार्यक्रमाला जायचे होते, म्हणून रविवार ठरला. २१ जानेवारी १९७३.

तिला सांगितले एवढेच की विषय मृत्यू वगैरे आहे, शब्द नाहीत, चाल नाही, तू गा. तिने सवयीप्रमाणे 'बेबी' वगैरे शब्द टाकून पाहिले. ते नकोत म्हणाले. मग तिने ठरवले की आपण गायिका नाही, वाद्य आहोत, असे समजून गावे. दोनअडीच वेळा गायली. आपण फारच वाहवत गेलो असे वाटून तिने ओशाळून माफीही मागितली. चौघांचे चेहरे कोरे. आभार मानून तिला निरोप दिला. हे काही रेकॉर्डवर यायचे नाही, असे समजून ती घरी गेली. पुढे दुकानात रेकॉर्ड हातात घेतली आणि वेष्टनावर स्वतःचे नाव दिसले, तेव्हा तिला कळले.

मानधन मिळाले तीस पौंड. रविवार म्हणून दुप्पट दर.

तीस पौंड म्हणजे अगदीच काही नाही असे नव्हे. माझा आठवड्याचा पगार तेव्हा जवळपास तेवढाच होता. पण ही रेकॉर्ड अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८ पर्यंत ७४१ आठवडे राहिली. जगभर तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज आहे. वेष्टनावर गायिका म्हणून टॉरीचे नाव होते. रचनाकार म्हणून मात्र एकटा राइट. हा फरक दिसायला लहान, हिशेबात मोठा. रचनाकाराला प्रत्येक प्रतीमागे आणि प्रत्येक प्रसारणामागे वाटा मिळत राहतो. रोजावरच्या गायिकेचा हिशेब त्याच दिवशी मिटतो.

एकतीस वर्षांनी, २००४ मध्ये, टॉरीबाईंनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते. स्वरसंगती राइटची, पण तिच्यावरची चाल मी त्या दिवशी, त्या खोलीत रचली, म्हणून मी सहरचनाकार. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. रकमेचा आकडा जाहीर झाला नाही, परंतु नंतरच्या आवृत्त्यांवर राइटच्या नावाबरोबर गायनरचनेसाठी क्लेअर टॉरी हे नाव छापले जाऊ लागले.

आपल्या कानाला हा वाद थोडा विचित्र वाटतो. ख्यालाची बंदिश चार ओळींची, बहुधा जुनी, कोणी केली हेही कधी ठाऊक नसते. पण तासभराच्या गाण्यातली बढत, ताना, विस्तार हे गाणाऱ्याचे, यात शंका घेत नाही. 'स्वयंवर' नाटकातली पदे खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, पण आमचे आजोबा सरळ "गंधर्वांचं गाणं" म्हणत. आपल्याकडे न्याय नेमका उलट बाजूने चुकतो, गाणारा उरतो आणि चाल बांधणारा विसरला जातो. इंग्रजी कायद्याची जुनी सवय कागदावर जे लिहिले त्याला रचना मानायची. त्या रविवारी टॉरीने जे केले ते कागदावर नव्हतेच.

जावईबापूंनी इथे मला अडवले. म्हणाले, "बाबा, मग 'मनी' आणि 'अस अँड देम'मध्ये डिक पॅरीने वाजवलेल्या सॅक्सोफोनचं काय? तोही बाहेरून बोलावलेलाच होता. प्रत्येक वादक रचनाकार ठरला तर हिशेब संपायचा कधी?" प्रश्न योग्य आहे. माझ्यापुरते उत्तर असे. 'मनी'मधून सॅक्सोफोन काढला तर गाणे लंगडे होईल, पण गाणे राहील. 'ग्रेट गिग'मधून तो आवाज काढला तर एक सुरेख साथ उरेल, गाणे उरणार नाही. आणि राइटला कमी लेखावे असेही नाही. त्याने अशी जमीन तयार केली नसती तर ती मुलगी उभी कुठे राहिली असती?

एवढे बोलून मी थांबलो असतो तर ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट राहिली असती. पण मुलीने विचारले, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

आमच्या धंद्यात प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला, अशी तीन घरे. १९७४ मध्ये मी एका पादचारी पुलाचे हिशेब तीन शनिवार बसून पूर्ण केले. अंतिम नकाशावर माझ्या आद्याक्षरांच्या जागी दुसऱ्याची होती. मी काही बोललो नाही. व्हिसा, नोकरी, नुकतेच ठरलेले लग्न. हा किस्सा मी मंडळात अनेकदा सांगितला आहे आणि दर वेळी ऐकणाऱ्यांनी आपापले किस्से काढले आहेत. आपल्यापैकी कोणाकडे असा किस्सा नाही?

जो किस्सा मी कधीच सांगितला नाही तो १९८६ चा. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. युनिव्हर्सिटीतून नुकतीच आलेली एक मुलगी माझ्या हाताखाली होती. एका मोठ्या छपराच्या हिशेबातली चूक तिने शोधली. नुसती शोधली नाही, रात्री उशिरापर्यंत बसून तिच्यावरचा उपायही काढला. अहवाल माझ्या एकट्याच्या सहीने गेला. ग्राहकाचे कौतुकाचे पत्र माझ्या नावाने आले, ते मी फाइलला लावले. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. ती मुलगी नोकरी सोडून गेली. तिला तिचा पगार मिळाला होता, ओव्हरटाइमसुद्धा. नियमाप्रमाणे हिशेब मिटला होता.

२००५ मध्ये टॉरीबाईंच्या तडजोडीची बातमी वाचली तेव्हा मला ते छप्पर आठवले. त्यानंतर हे गाणे लागले की मी बागेत जाऊ शकत नाही. बसून ऐकतो. आवडते गाणे म्हणजे सुखाने ऐकायचे गाणे, असे मी बरीच वर्षे समजत होतो, म्हणून उत्तर देता येत नव्हते.

माझे बोलणे झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीने विचारले, "बाबा, तिचं नाव आठवतं?"

"आठवतं," मी म्हणालो.

"मग?"

मग दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले, चौथा पाठवला. जुन्या सहकाऱ्यांकडून पत्ता मिळाला आहे, तो बरोबर असेल अशी आशा आहे. तिचे नाव या लेखात छापले नाही, कारण तिला विचारलेले नाही. तिने होकार दिला तर पुढच्या अंकात संपादकांकडे चार ओळींची जागा मागेन.

वाचकहो, आपलीही निवड मंडळाकडे जरूर कळवा. याच रेकॉर्डमधली हवी असे नाही, नाट्यगीत चालेल, भावगीत चालेल, सिनेमातले चालेल. मात्र गाण्याच्या नावाबरोबर ते कोणी लिहिले, कोणी बांधले, कोणी गायले आणि साथीला कोण होते, तेही शोधून लिहा. शोधायला थोडे कष्ट पडतील. सौ. म्हणते की यंदा तीसुद्धा पाठवणार आहे, पण आवाज कमी ठेवूनच.